ताटाची डावी बाजू

मेंदूचा झटका आलेला माणूस भानावर येताच पाणी मागतो, देवाचं नाव घेतो, निदान बायकोला हाक तरी मारतो. मी लेन्सचं झाकण मागितलं. इस्पितळातल्या नर्सला वाटलं मी बरळतोय. मंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, वाटलं मी अगदी शुद्धीवर आहे. दोघींचंही थोडं थोडं बरोबर होतं.

मालवणच्या बाजारात माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. पुढे स्टुडिओ, मागे घर, मधल्या खोलीत कॉम्प्युटर. परवा आचऱ्याहून एक बाई पासपोर्ट फोटो काढायला आल्या. नवऱ्याला झटका येऊन गेलेला, आता घरी आहे. "पण आजारपणापासून स्वभावच बदललो हो त्यांचो," त्या म्हणाल्या. "मी बाजूक जाऊन बसलंय तरी तोंड फिरवून बसतत. रुसल्यासारखे." मी कॅमेरा खाली ठेवला आणि त्यांना विचारलं, "तुम्ही त्यांच्या कुठल्या बाजूला बसता?" त्यांना प्रश्नच कळला नाही. मग मंदाने चहा केला आणि आमची सगळी हकीकत त्यांना सांगितली. तीच इथे लिहितोय. आणखी कुणाच्या घरात असा रुसलेला माणूस असेल तर कामाला येईल.

मुंज

दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. फिल्मचे रोल अजून संपले नव्हते आणि डिजिटल कॅमेरा मी नुकताच घेतला होता, त्यामुळे गळ्यात दोन कॅमेरे आणि डोक्यात दुप्पट गर्व. वालावलला एक मुंज होती. मातृभोजन चाललं होतं, आई बटूला घास भरवत होती. असा फोटो चुकवून चालत नाही. मी गुडघ्यावर बसलो आणि माझा डावा हात लेन्सखालून निसटला. जोरात वगैरे नाही. झोपलेल्या मुलाचा हात अंथरुणावरून खाली यावा तसा.

कॅमेरा गळ्यात होता म्हणून वाचला. मी पट्ट्याला दोष दिला. मग पित्ताला दिला. सकाळी रिकाम्या पोटी चहा जास्त झाला होता. बटूच्या मामांकडे कोकमाचं पाणी मागितलं. त्यांनी पेला पुढे केला आणि तसाच धरून राहिले.

"स्टुडिओवाले, तुमचा तोंड वाकडा दिसता."

"ता मूळचाच तसा आसा," मी म्हणालो.

आजूबाजूचे हसले. मामा हसले नाहीत. त्यांनी मला काखेत धरून उठवलं आणि जीपमध्ये घातलं. "ग्रुप फोटो ऱ्हवलो," मी सांगत होतो. "ग्रुप फोटो मगे काढूया," ते म्हणाले, आणि जीप अशी हाणली की त्यापेक्षा आजार परवडला. त्या माणसाने तेव्हा माझा विनोद ऐकून घेतला असता, तर आज हे लिहायला मी नसतो. माझ्यावरचं पहिलं ऋण त्यांचं.

कुडाळच्या डॉक्टरांनी मला तपासलं आणि लगेच गोव्याच्या मोठ्या इस्पितळात न्यायला सांगितलं. मंदा मालवणहून धावत आली. रुग्णवाहिका गोव्याच्या हद्दीपाशी इन्सुलीच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगेत अडकली. ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. मी आडवा पडून छताकडे बघत होतो आणि मनात एकच गोष्ट टोचत होती: एवढं झालं तरी ही बाई माझा हात काही धरत नाही. काल रात्री बाजाराच्या पिशवीवरून भांडण झालं होतं, त्याचा राग अजून गेलेला दिसत नाही.

मंदाने कुडाळपासून गोव्यापर्यंत माझा हात धरलेला होता. डावा.

पाववाला

गोव्यात डॉक्टर एक बाई होत्या. शांत, बारीक आवाजाच्या, मराठी आणि कोंकणी दोन्ही बोलणाऱ्या. मेंदूच्या उजव्या भागात गुठळी झाली होती. वेळेत आणलंत, त्या म्हणाल्या. मग त्यांनी बराच वेळ बसून सगळं समजावलं. मी होतो, मंदा होती आणि माझी थोरली बहीण अक्का होती. तिघांनी मन लावून ऐकलं आणि तिघांनी फक्त हात आणि पाय तेवढे लक्षात ठेवले, कारण तिघांनाही तेवढंच ऐकायचं होतं. पाय चालेल का? चालेल. हात उठेल का? बराचसा उठेल.

"आणि कॅमेरा?" मी विचारलं.

"त्याचं आत्ता काही सांगत नाही," त्या म्हणाल्या. "काही महिने जाऊ देत."

हे वाक्य मी घेऊन झोपलो आणि पुढे किती तरी दिवस घेऊनच उठलो. मला दुसरं काही येत नाही. शाळेत गणितात गचकलो, बोटीवर उलट्या झाल्या, वडिलांनी शेवटी एका फोटोग्राफरकडे कामाला ठेवलं, तिथे जमलं. देवाने एक डोळा मिटून दुसऱ्याने बघायची अक्कल दिली, एवढीच माझी कमाई. ती गेली तर मी नक्की कोण? दुसऱ्यांना हसवणाऱ्या माणसाची एक अडचण असते. तो घाबरला आहे हे कुणाला कळत नाही. मी नर्सला विनोद सांगायचो आणि चादरीखाली उजव्या हाताने डावा चाचपून बघायचो.

इस्पितळाचे दिवस सारखे असतात. पहाटे अंग पुसणं, मग चहा, मग व्यायाम शिकवणारा माणूस यायचा आणि माझ्या अंगठ्याची आर्जवं करायचा. दुपारी नातेवाईक. शहाळी घेऊन आलेल्यांपैकी निम्मे माझ्याशी बोलायचे आणि निम्मे बोलायचेच नाहीत, असं मला वाटायचं. माणसं आजाऱ्याला घाबरतात, अशी मी मनाची समजूत घातली.

घरी सोडायच्या दिवशी चाकाच्या खुर्चीत बसवून मला वळवलं, तेव्हा माझ्या शेजारच्या खाटेवर एक दांडगा म्हातारा बसलेला दिसला.

"हे कधी आले?" मी मंदाला विचारलं.

मंदा हळू आवाजात म्हणाली, "तुमच्या आधीपासून आसत."

म्हातारा म्हापशाकडचा पाववाला होता. रोज सकाळी त्याने मला रामराम केला होता. रोज सकाळी त्याची बायको घरच्या भट्टीतले गरम पाव आणायची आणि त्यातले दोन मंदाच्या हातावर ठेवायची. मंदा त्या पावांवर दिवस काढत होती, हे मला ठाऊकही नव्हतं. आणि मी त्याच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. तो माझ्याकडे बघून हसला. "आज तरी म्हाका पळयलो तुमी," म्हणाला. आज तरी मला बघितलंत.

जिन्यापाशी आल्यावर मंदा पुटपुटली, "मी त्यांका सांगलंय, ह्यांचो स्वभावच तसो आसा म्हणान."

इतक्या वर्षांच्या संसारात बायकोने माझ्याबद्दल काय मत बनवलं आहे, ते मला असं इस्पितळाच्या जिन्यात कळलं.

पान वाढण्याची रीत

आमच्या घरात स्वयंपाकघर अक्काचं. तिचे यजमान गेल्यापासून ती आमच्याकडे असते आणि तिच्या मते आम्ही तिच्याकडे असतो. अक्काची पान वाढण्याची रीत देवाच्या पूजेइतकी पक्की. मधोमध भात. उजवीकडे भाजी आणि साराची वाटी. डावीकडे मीठ, लिंबाची फोड, चटणी, लोणचं, आणि लिंबाच्या शेजारी तळलेला माशाचा तुकडा, म्हणजे लिंबू पिळायला हात लांब न्यावा लागत नाही. खाणारा खावो न खावो, डावी बाजू रिकामी ठेवून पान पुढे करायचं नाही. "तसा पान घरात कोण गेल्यावर," असं ती म्हणते, आणि त्यापुढे कुणी वाद घालत नाही.

डॉक्टरांनी मीठ-तेल बेताने खायला सांगितलं होतं. मासा चालेल म्हणाल्या होत्या.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी मी जेवायला बसलो. भात, सार, भाजी. एवढंच. लोणचं नाही, चटणी नाही, मासा तर नाहीच. आत तव्यावर बांगडा तळल्याचा वास घरभर फिरत होता. मी समजलो. डॉक्टरांचा हुकूम. मर्दासारखा भात कालवला आणि मर्दासारखा गिळला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. वास रोज यायचा, तुकडा कधी यायचा नाही. विचारावं तर मान आड येतो. ज्या घरात मी कर्ता पुरुष, त्या घरात बांगड्याची भीक मागू? मी टोमणे मारायला सुरुवात केली. "इस्पितळातला जेवण बरा होता गो," मी अक्काला म्हणायचो. अक्का पदराने डोळे पुसायची. तिला वाटायचं, भावाला अन्न गोड लागत नाही.

आणि त्याच वेळी मंदा पुढे स्टुडिओत गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगत होती, "आमच्या ह्यांनी मनावर घेतल्यानी. तळलेलो मासो पानात असता, पण ढुंकून बघणत नाय. लोणच्याक बोट लावणत नाय."

खरंच बघत नव्हतो.

जेवण झालं की अक्का न खाल्लेला तुकडा उचलायची आणि आमच्या बोक्याला घालायची. बोका माझ्या डाव्या हाताला बसून वाट बघत असायचा. त्या दिवसांत तो इतका जाड झाला की भिंतीवर चढायचा बंद झाला. मला तोही दिसला नव्हता. मला वाटायचं, बोका कुठेतरी परागंदा झाला.

मंदाची विद्या

मी घरी येऊन पडलो तसा मंदाने स्टुडिओ उघडला. हे मला पचायला बांगड्याहून कठीण गेलं.

कॉम्प्युटर घेतला तेव्हा विकणाऱ्याने सांगितलं होतं, माउसवर हात बसवायला त्यातला फरश्यांचा खेळ खेळत जा. माहजोंग म्हणतात त्याला. मला तो पोरखेळ वाटला. मंदा मात्र दुपारी दुकान मिटलं की बसायची. चिनी चित्रांच्या फरश्यांचा एक ढीग, एकावर एक रचलेला. सारखी चित्रं असलेल्या दोन फरश्या निवडायच्या की त्या नाहीशा होतात. अट एवढीच की वर दुसरी फरशी नको आणि एक कड मोकळी पाहिजे. सगळा ढीग संपला की जिंकलात. चिरेखाणीवर रचलेले चिरे जसे वरून आणि कडेने काढतात, मधला ओढत नाहीत, अगदी तसं. मंदाने चित्रांना नावंही ठेवली होती: वेळूची काठी, चकली, कोंबडा, आणि न कळणारी चिनी अक्षरं म्हणजे जिलबी.

या चकल्या-जिलब्यांवरून तिचा हात माउसवर बसला, आणि मग ती फोटोतले डाग काढायला, कडा कापायला, पासपोर्टचे आठ फोटो एका कागदावर बसवायला शिकली. मी आजारी पडलो तेव्हा घरात कॉम्प्युटर येणारी ती एकटी होती. दिवसभर पुढे उभी राहायची, संध्याकाळी माझ्या हातापायाला तेल चोळायची. आणि मी आत पडून गिऱ्हाइकांचं हसणं ऐकायचो आणि कुढायचो.

एकदा तोंडातून निघून गेलं. "स्टुडिओ तुझो झालो. आता माका नुसत्या भातावर ठेव, आणि काय."

मंदाच्या हातात तेलाची वाटी होती. "भातावर कोणी ठेवला तुमका?" ती म्हणाली. "कोणतरी म्हणत होता, आजारात माणसाचा बोलणा मनाक लावून घेवचा नाय. मी नाय लावून घेवक. पण मी पण माणूस आसंय हो." आणि मागच्या दारी जाऊन उभी राहिली. बऱ्याच वेळाने आली. मी सॉरी म्हणालो, पण भिंतीकडे बघून.

दुसऱ्या दिवशी तिने मला धरून मधल्या खोलीत नेलं आणि कॉम्प्युटरसमोर बसवलं. "कुढत ऱ्हवण्यापेक्षा फरशे काढा," म्हणाली.

लुकलुकणारी फरशी

पोरखेळ म्हणालो होतो, पण चार दिवसांत मला त्याचं व्यसन लागलं. आजाऱ्याला दिवसाचं करायचं काय हा मोठा प्रश्न असतो. देवाचं किती करणार आणि छताकडे किती बघणार. फरश्या जुळल्या की टक असा आवाज व्हायचा, आणि त्या आवाजासरशी वाटायचं, आपण जगातलं एक काम तरी संपवलं.

पण एक भानगड होती. खेळ दरवेळी अडकायचा. सुरुवातीला भराभर जोड्या निघायच्या, मग एकही मिळायची नाही. मदतीचं एक बटण होतं. ते दाबलं की जुळणाऱ्या दोन फरश्या लुकलुकतात. मी दाबलं तर एकच लुकलुकायची.

एकच. एका फरशीची जोडी कशी होणार? मी कणकवलीला विकणाऱ्याला फोन लावला. "तुमच्या मशीनमध्ये बिघाड आहे," मी शुद्ध मराठीत सुनावलं, ऑफिसात बोलायचं तसं. तो बिचारा म्हणाला, "साहेब, बिघाड असता तर एकही लुकलुकली नसती."

दुपारची वेळ होती. मंदा दुकान मिटून आत आली, मला तणतणताना बघून मागे उभी राहिली.

"जोडीच नाय," मी म्हणालो. "खेळच खोटो आसा."

"ही काय चकली. आणि ही चकली." तिने बोट लावलं.

मी तिच्या बोटाच्या मागे मागे गेलो आणि तिथे खरंच चकली होती. "आता इली," मी म्हणालो. "मगाशी नव्हती."

"ह्यो कोंबडो?"

"तो पण आता इलो."

ती हसली नाही. मागे सरून तिने सगळा पडदा बघितला. नंतर तिने मला सांगितलं, तो ढीग कसा दिसत होता ते. उजवा अर्धा जवळजवळ साफ, दोन-चार फरश्या उरलेल्या. डावा अर्धा जसाच्या तसा, एकही चिरा हललेला नाही. मधून सुरीने कापावा तसा. आणि हे असं आपण रोज कुठेतरी बघतो, असं तिला वाटत राहिलं. कुठे ते आठवेना. मग आतून अक्काने हाक मारली, "पान वाढलंय गो, तेका घेवन ये."

मंदा आत गेली. माझं ताट घेऊन बाहेर आली आणि माझ्यापुढे टेबलावर ठेवलं.

"ह्यात काय काय आसा, सांगा."

"तुका दिसणा नाय?"

"तुमी सांगा."

"भात," मी म्हणालो. "सार. फणसाची भाजी."

"आणि?"

"आणि काय? दुसरा काय देतास तुमी माका?" इतक्या दिवसांचं साचलेलं सगळं बाहेर आलं. "वास येता माका. रोज येता. मी विचारलंय कधी? नाय देवचा तर नको देव, पण घरात तळू तरी नको."

अक्का दारात येऊन उभी राहिली होती. तिने तोंडावर पदर धरला. मंदा पुढे झाली. तिने ताटाच्या दोन्ही कडा धरल्या आणि ताट अर्धं फिरवलं.

बांगडा आला.

त्याच्यामागून लिंबाची फोड आली, लोणचं आलं, खोबऱ्याची चटणी आली, मिठाची चिमूट आली. कुणी दार उघडल्यावर माणसं आत येतात तशी एकेक आली. मी त्या बांगड्याकडे बघत राहिलो. तुकडा ताजा, कडेला रवा करकरीत, अजून गरम. तो रोज तिथेच होता. मी मान वर केली तेव्हा मंदाच्या डोळ्यांना धार लागली होती आणि माझ्याही. अक्का तर मोठ्यानेच रडत होती.

मग मी पुन्हा ताटाकडे बघितलं आणि म्हणालो, "पण भाजी खंय गेली?"

रडता रडता तिघं हसलो. बोका एवढ्यात टेबलावर चढायचा प्रयत्न करत होता आणि त्याला ते जमत नव्हतं.

जास्वंद

आम्ही पुन्हा गोवा गाठलं आणि डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. मी छान गोल काढला आणि बाराच्या बारा आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले, वडापच्या जीपमध्ये माणसं कोंबतात तसे. मला ते घड्याळ उत्तम वाटलं. बाईंनी ते मंदाकडे सरकवलं.

"हे मी तेव्हा सांगितलं होतं," त्या म्हणाल्या, पण रागावून नाही. "डोळे चांगले आहेत. लक्ष डावीकडे जात नाही. तिथे काही आहे, हेच मन विसरतं."

सांगितलं होतं, खरंच. आम्ही हातापायाला तेल चोळत बसलो होतो.

ज्यांना हे होत नाही त्यांना सांगणं कठीण आहे. डावीकडे काळोख दिसतो असं नाही. काळोख दिसला असता तर मीच ओरडलो असतो. जेवढं दिसतं तेवढंच जग आहे आणि ते पूर्ण आहे, असं वाटतं. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटली. फोटोग्राफरचं सगळं काम चौकटीचं. आणि माझी चौकट अर्धी आहे हे मला जन्मात कळलं नसतं. लग्नाला गेलो असतो, नवरीचे फोटो काढले असते, आणि नवरा कुठे म्हणून लोक मारायला धावले असते.

"कॅमेरा?" मी पुन्हा विचारलं.

"आधी डावा कोपरा शोधायला शिका," बाई म्हणाल्या. "मग बोलू. तो फरश्यांचा खेळ सोडू नका."

घरी आल्यावर मंदाने पडद्याच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी उभी लावली. तिचा नियम: लाल दिसल्याशिवाय माउसला हात लावायचा नाही. अक्का कुणाच्या मागे राहणारी नव्हे. ती घरामागच्या परड्यातलं जास्वंदीचं फूल आणून माझ्या पानाच्या अगदी डाव्या टोकाला ठेवू लागली. "फूल बघल्याशिवाय घास घेवचो नाय," तिने बजावलं. मी मान वळवत वळवत जास्वंद शोधायचो, मग तिथून उजवीकडे निघायचो: मीठ, लिंबू, बांगडा. या क्रमाने जेवायला लागल्यापासून बोका पुन्हा बारीक झाला आणि माझ्यावर त्याचा आजही राग आहे.

सोपं नव्हतं. दाराच्या डाव्या चौकटीला खांदा आपटून आपटून निळा झाला. दाढी अर्धीच व्हायची आणि मी तसाच पुढे स्टुडिओत येऊन बसायचो. एक कोळीण मासे द्यायला आली होती, म्हणाली, "आज उरलेली दाढी उद्या करतलास काय?" कधी कधी आठवडाभर काही फरक दिसायचा नाही आणि मी माउस ढकलून द्यायचो. मंदा तो परत हातात द्यायची. म्हणायची, "थंय कोंबडो वाट बघता."

पण ढीग हळूहळू कमी होऊ लागला. आधी मधल्या फरश्या निघाल्या. मग त्यापलीकडच्या. एके दिवशी मी मदतीचं बटण दाबलं आणि एक फरशी लुकलुकली, आणि मी सवयीने मान वळवली, आणि पार डाव्या टोकाला, लाल पट्टीला चिकटून, दुसरी लुकलुकत होती. मी हाक मारली. मंदा गिऱ्हाईक तसंच सोडून आत आली. गिऱ्हाईकही मागोमाग आलं. तिघांनी मिळून ती जोडी काढली.

डाव्या टोकाला

काही महिन्यांनी बाईंनी माझं घड्याळ बघितलं. नऊचा आकडा नवाच्या जागी होता, दहा-अकरा जरा दाटीने, पण आपल्या बाजूला. "काढा एखादा फोटो," त्या म्हणाल्या. "घरच्यांचा. म्हणजे भांडण झालं तर घरात."

म्हणून अक्का आणि मंदा निळ्या पडद्यापुढे उभ्या राहिल्या. अक्काने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. कोण कुठे उभं राहायचं ते मंदाने ठरवलं आणि ती स्वतः माझ्या डाव्या हाताच्या टोकाला गेली.

"मधी ये गो," अक्का म्हणाली. "नायतर परत गायब होशीत."

"होऊक देत," मंदा म्हणाली. "बघूया खंयपर्यंत शोधतत ते."

मी कॅमेरा डोळ्याला लावला. डावा हात लेन्सखाली गेला आणि राहिला. चौकटीत अक्का दिसली. तिचं लुगडं, तिचा चष्मा, तिचा रागीट चेहरा. मागे पडदा. चौकट भरलेली वाटत होती. सुरेख वाटत होती. आतून कुणीतरी म्हणत होतं, दाब, सगळं आलंय.

मी दाबलं नाही. मान आणि कॅमेरा डावीकडे वळवत गेलो. पडदा, आणखी पडदा. वाटलं, ती नाहीच तिथे. मग लाल काहीतरी दिसलं. मंदाने केसांत जास्वंद माळली होती. फुलाखाली तिचा कान, मग गाल, मग सबंध मंदा, श्वास रोखून उभी. मला भरवसा नव्हता म्हणून मी आणखी थोडा डावीकडे गेलो. आणि मग दाबलं.

कॉम्प्युटरवर फोटो उघडला तेव्हा आम्ही तिघं ओणवून बघत होतो. मंदा स्वच्छ, बोलकी, आली होती. तिच्या डावीकडे हातभर नुसता निळा पडदा. आणि उजवीकडे अक्काचा अर्धा खांदा आणि एक कान कापला गेला होता.

"मेल्या," अक्का म्हणाली, "आता माका कापलंस."

"एवढो पडदो कशाक?" मी म्हणालो. मला कसंनुसं झालं होतं. बाजारातल्या कुठल्याही पोराने याहून बरा काढला असता. "मंदा, डावीकडचो पडदो कापून टाक. तुका येता ना आता. मगे बरो दिसात."

मंदाचा हात माउसवर होता. तिने तो मांडीवर घेतला.

"ऱ्हवांदे," ती म्हणाली.

"कित्याक?"

"इतक्या दिसांनी तुमका तेवढा दिसला," ती म्हणाली. "ता मी कापतलंय?"

तो फोटो स्टुडिओत दारासमोरच लावला आहे. आचऱ्याच्या बाई परवा त्याच्याकडे बघत बसल्या होत्या. चहा संपल्यावर त्यांनी पदर सावरला आणि जाता जाता विचारलं, जास्वंद नसली तर दुसरं लाल फूल चालेल का. अक्काने परड्यात जाऊन त्यांना फांदीच तोडून दिली. लावायला.